संस्थेची सूत्रे नव्या हाती देताना : सभासद यादीपासून बदल अर्जापर्यंत

वस्त्या-पाड्यांवर काम करणाऱ्या लहान संस्थांमध्ये नेतृत्वबदल साधारण असा होतो. संस्थापक थकतात, एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन नव्या अध्यक्षांचे नाव जाहीर होते, आठवड्यात नवे लेटरहेड छापून येते. मग बँक म्हणते, परिशिष्ट एकचा उतारा आणा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल. उताऱ्यावर जुनीच नावे, त्यातले दोघे आता हयातही नाहीत. तेव्हा कुणीतरी विचारते, "पण आपली सभा झाली होती का?" आणि मग झालेल्या घोषणेला साजेशी सभा कागदावर उभी केली जाते. पुढे होणारी सगळी भांडणे त्या कागदातून निघतात.

हे लिखाण त्या क्रमाबद्दल आहे: आधी काय, मग काय. ते १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दोन्हीकडे नोंद असलेल्या संस्थांसाठी आहे. नुसत्या न्यासपत्रावर (ट्रस्ट डीडवर) चालणाऱ्या ट्रस्टला सभासदांची सर्वसाधारण सभा नसते. त्यांनी टप्पा दोन, चार आणि पाच सोडून आपल्या न्यासपत्रात विश्वस्त नेमण्याची जी पद्धत असेल ती धरावी. बाकीचे टप्पे त्यांनाही लागू आहेत.

कार्यकारिणीची मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी सुरुवात करा.

टप्पा १ : आधी कपाट उघडा

तीन कागद टेबलावर हवेत. पहिला, संस्थेच्या घटनेची म्हणजे नियमावलीची प्रमाणित प्रत, झालेल्या सगळ्या दुरुस्त्यांसह. संगणकात सापडलेली वर्ड फाइल चालणार नाही. ती बऱ्याचदा नोंदणीच्या आधीचा मसुदा असते. दुसरा, धर्मादाय कार्यालयातून काढलेला परिशिष्ट एकचा ताजा उतारा. तिसरा, आजवर दिलेल्या प्रत्येक बदल अर्जाचा, म्हणजे कार्यकारिणीतला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणाऱ्या अर्जाचा, क्रमांक आणि त्यावरचा आदेश.

आता उताऱ्यावरची नावे आणि आज प्रत्यक्ष काम पाहणारी मंडळी शेजारी-शेजारी लिहून काढा. फरक नसेल तर तुम्ही भाग्यवान. बहुतेक ठिकाणी मधल्या दोन-तीन कार्यकारिणींचे अर्ज दिलेलेच नसतात किंवा दिलेले अर्ज त्रुटी लागून पडलेले असतात. अशा वेळी एकदम शेवटच्या निवडणुकीचा अर्ज टाकून चालत नाही. नव्या कार्यकारिणीला निवडणाऱ्या सभेची नोटीस कुणी काढली, त्याला तो अधिकार कुठून आला, हा प्रश्न येतोच. साखळी सुटली असेल तिथपासून प्रत्येक मुदतीचा अर्ज क्रमाने द्यावा लागतो, सोबत विलंब माफीचा अर्ज. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज द्यायचा असतो; विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसे कारण दाखवले आणि खर्चाची रक्कम भरली तर ही मुदत वाढवून देता येते. हा रस्ता कंटाळवाणा आहे, पण सरळ आहे.

सावधान: न झालेल्या सभांची इतिवृत्ते आता लिहू नका. इतिवृत्ताची अशी वही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. बारा वर्षांच्या सभा एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या दिसतात. आणि त्यात एखाद्या सभासदाची सही त्याच्या मृत्यूनंतरच्या तारखेची निघते. वर्षानुवर्षे सभा न घेणे ही चूक आहे, पण तिला विलंब माफीचा रस्ता आहे. खोट्या वहीला तो नाही.

मुदत आधीच संपली असेल तर नव्याने निवड होईपर्यंत जुनी कार्यकारिणी काम पाहील, असे कलम घटनेत आहे का ते शोधा. असेल तर तिनेच सभा बोलवावी. नसेल तर आपल्या मनाने नोटीस काढण्याआधी वकिलाशी बोला. सभा घेण्यासाठी विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात.

टप्पा २ : सभासद नोंदवही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी कागद महिन्याभरात उभे राहतात, नोंदवही राहत नाही.

सोसायटी कायद्याचे कलम १५ फार कमी लोक वाचतात. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची मोजदादही होत नाही. म्हणजे उपस्थिती वहीत चाळीस सह्या असल्या तरी वर्गणीच्या पावत्या नऊ असतील, तर सभा नऊ जणांची. काही संस्थांत हिशेब लावला की मतदार एकही उरत नाही, संस्थापकसुद्धा नाहीत.

म्हणून सभेची नोटीस निघण्याच्या बऱ्याच आधी थकीत वर्गणीची लेखी सूचना सगळ्या सभासदांना पाठवा, वर्गणी घ्या, प्रत्येकाला पावती द्या. इतकी वर्षे वर्गणी थकली तर सभासदत्व आपोआप संपते असे घटनेत असेल, तर नुसती थकबाकी भरून भागत नाही. नवा अर्ज, कार्यकारिणीचा ठराव, नवी नोंद, हे सगळे पुन्हा करावे लागते.

आता खरा प्रश्न. गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेच्या मोर्चाला पाचशे बायका येतात, बचत गटात तीनशे असतात. आणि सभासद नोंदवहीत अकरा नावे, त्यातली चार एकाच आडनावाची. ज्यांच्यासाठी काम चालते त्या 'लाभार्थी' असतात, सभासद नसतात. त्यांना प्रश्न विचारता येतो, मत देता येत नाही. मग नेतृत्व बदलले म्हणजे अकरा जणांनी आपसात खुर्च्या बदलल्या, एवढेच घडते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती कचरावेचकांचे सभासदत्व असलेली संघटना म्हणून, आणि त्यातूनच पुढे आलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. कामगार संघटना, सहकारी संस्था आणि धर्मादाय संस्था यांचे कायदे वेगवेगळे, हे खरे. पण वस्तीतल्या माणसाला सभासद करून घ्यायला तुमच्या घटनेचीही बहुधा हरकत नसते. हरकत असते ती आपल्या मनाची.

सभासद असे करा:

- घटनेत वर्गणी जास्त असेल तर आधी नियमदुरुस्ती करा. वर्षाला पाचशे रुपये वर्गणी ठेवून वस्तीला दार उघडे आहे म्हणण्यात अर्थ नाही.
- अर्ज मराठीत, एका पानाचा. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही.
- प्रत्येक अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत नावासह मंजूर करा. 'आलेले सर्व अर्ज मंजूर' एवढा ठराव पुरत नाही, यादी जोडा.
- पावती क्रमांक, ठराव क्रमांक आणि नोंदवहीतला अनुक्रमांक एकमेकांशी जुळवा.

बाहेरचा गट एकदम शंभर माणसे घुसवून संस्था ताब्यात घेईल, ही भीती अवास्तव नाही, असे होते. त्यावर उपाय दार लावून घेणे हा नव्हे. सभासद झाल्यावर अमुक महिने झाल्याशिवाय मत नाही, कार्यक्षेत्रात राहणारा किंवा काम करणारा हवा, अशी कलमे घटनेत आणा. मात्र निवडणुकीच्या तोंडावर आणू नका. तेव्हा कितीही चांगले कलम संशयास्पदच दिसते.

सावधान: वस्तीतल्या सभासदांची वर्गणी संस्थेच्या पैशातून किंवा एखाद्या इच्छुकाच्या खिशातून एकगठ्ठा भरू नका. लागोपाठ क्रमांकांच्या, एकाच दिवसाच्या साठ पावत्या हरकतदाराच्या वकिलाला आयत्याच सापडतात.

तपासा: मतदारांची यादी छापून कार्यालयात आणि वस्तीत लावली का? हरकतीसाठी पंधरवडा दिला का? आलेल्या हरकतींवरचा निर्णय लिहून ठेवला का?

टप्पा ३ : माणसे तयार करणे

नाव सुचवण्याआधी पदाचे काम लिहून काढा. खजिनदाराने महिन्यातून कोणत्या वह्या तपासायच्या, सचिवाने कोणत्या तारखा सांभाळायच्या, हे अर्ध्या पानात मावते. ते लिहिले नाही की 'वजनदार नाव' शोधणे सुरू होते आणि वर्षात एकदा फोटोपुरता येणारा अध्यक्ष मिळतो.

दोन गोष्टी मी ठामपणे सांगेन. संस्थेकडून पगार घेणारी व्यक्ती खजिनदार नको. आणि निवृत्त संस्थापकांसाठी 'मार्गदर्शक' किंवा 'मुख्य सल्लागार' असे पद निर्माण करून त्यांच्या हाती सहीचा अधिकार ठेवायचा, हा प्रकार तर नकोच. नवा सचिव दोन वर्षे त्यांच्याकडे बघून मान हलवतो आणि तिसऱ्या वर्षी निघून जातो. संस्थापकांचा सल्ला हवाच असतो, तो चहा पिता पिताही मिळतो.

वस्तीतली बाई कार्यकारिणीवर आली की तिचा रोज बुडतो. सकाळी अकराच्या बैठकीला यायचे म्हणजे धुण्याभांड्याच्या चार घरांत खाडा. म्हणून बैठक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, तिच्या वस्तीच्या जवळ ठेवा. येण्याजाण्याचे भाडे द्यायचा ठराव करा आणि ते सगळ्यांना द्या, तिच्या एकटीच्या हातावर उपकार म्हणून ठेवू नका. बैठकीचे कागद मराठीत करा. जमाखर्च वाचून दाखवा, आणि 'प्रशासकीय खर्च' असे मोघम न म्हणता भाडे किती, पगार किती, पेट्रोल किती ते सांगा. निवडीच्या आधीच्या दोन-तीन बैठकांना इच्छुकांना निमंत्रित म्हणून बसवा. त्यात कोण प्रश्न विचारते ते कळते. तीच माणसे हवी असतात.

प्रत्येक इच्छुकाकडून लेखी संमती घ्या आणि एक घोषणापत्र घ्या: संस्थेतील कोणाशी नाते आहे का, संस्थेला माल किंवा जागा पुरवणाऱ्याशी संबंध आहे का, संस्थेचे काही देणे आहे का. नाते असणे हा गुन्हा नाही. लपवलेले नाते मात्र आयकर तपासणीत आणि वस्तीच्या बैठकीत, दोन्हीकडे महागात पडते.

टप्पा ४ : नोटीस

बहुतेक अर्जांना त्रुटी इथे लागते. घटनेत किती दिवसांची नोटीस लिहिली आहे ते पाहा आणि ते दिवस पूर्ण मोजा. नोटीस निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरू नका. काठावर न राहता वर तीन-चार दिवस सोडा.

नोटिशीवर सही ज्याला घटनेने अधिकार दिला आहे त्याचीच. पाठवण्याची पद्धतही घटनेतलीच. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, सगळ्यांनी अंगठा दाखवला, हे घटनेत नसेल तर धरू नका. हातपोच द्या आणि पोच वहीवर तारखेसह सही घ्या, किंवा टपालाने पाठवून पावत्या जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर वरून टाकायला हरकत नाही.

विषयपत्रिकेत निवडणूक स्वतंत्र विषय म्हणून हवी: 'सन अमुक ते अमुक या कालावधीसाठी कार्यकारी मंडळाच्या इतक्या सदस्यांची निवड करणे.' 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात कार्यकारिणी निवडता येत नाही. तरी लोक निवडतात.

गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) अपुरी पडली तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेता येईल, अशी तरतूद बहुतेक घटनांत असते. ती असेल तर तसे वाक्य मूळ नोटिशीतच लिहा.

तपासा: मतदार यादीतल्या प्रत्येक नावापुढे पोच आहे का? विरोधात बोलणाऱ्या सभासदाला नोटीस मिळाली का? त्याची पोच सगळ्यात आधी घ्या.

टप्पा ५ : सभा

दाराशी दोन वह्या ठेवा: मतदार सभासदांची एक, निमंत्रितांची एक. दोन्हींच्या सह्या एकाच कागदावर झाल्या की पुढे गणसंख्या सिद्ध करताना दमछाक होते. निवडणूक घेणारी व्यक्ती उमेदवार नसावी. शेजारच्या संस्थेतले कुणी बोलवा.

आधी हिशेब आणि अहवाल, मग निवडणूक. पैशावरचे प्रश्न जुन्या मंडळींनीच झेलायला हवेत. एका जागेला एकच नाव आले तर बिनविरोध, जास्त आली तर चिठ्ठ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिन्हे ठेवा. ग्रामपंचायतीच्या मतदानाची सवय सगळ्यांना असते.

ठराव पूर्ण लिहा. नमुना असा:

'ठराव क्र. ५ : सन अमुक ते अमुक या कालावधीसाठी खालील सभासदांची कार्यकारी मंडळावर निवड करण्यात येत आहे. (नाव, वय, व्यवसाय, पत्ता, पद.) तसेच या बदलाचा अर्ज सहायक धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करण्याचे अधिकार श्री./श्रीमती अमुक यांना देण्यात येत आहेत. सूचक : … अनुमोदक : … मते : बाजूने … विरोधात … तटस्थ …'

विरोधात पडलेली मते आणि घेतलेली हरकत इतिवृत्तातून गाळू नका. 'सर्वानुमते मंजूर' ही आपल्याकडची आवडती ओळ आहे, पण सभेत तीन जणांनी हात वर केले आणि वहीत सर्वानुमते असेल तर ते तिघे पुढे कार्यालयात जाऊन तेच सांगतात. इतिवृत्त त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहून सह्या घ्या.

टप्पा ६ : बदल अर्ज, नव्वद दिवसांत

विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. अर्जाचा नमुना परिशिष्ट तीनचा. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत; एखाददुसऱ्या दिवसाने अर्ज उशिरा गेला की विलंब माफीचे वेगळे प्रकरण लागते. कॅलेंडरवर साठाव्या दिवशी खूण करा.

संच असा लावा: परिशिष्ट एकचा उतारा, घटनेची प्रत, मतदार सभासदांची यादी, नोटीस, पोच वही किंवा टपालाच्या पावत्या, उपस्थिती पत्रक, इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमतीपत्रे आणि ओळखीचे पुरावे, जाणाऱ्या सदस्यांचे राजीनामे किंवा ना-हरकत, मृत असल्यास मृत्यू दाखला, अर्जदाराचे शपथपत्र. कार्यालयाप्रमाणे थोडा फरक पडतो, आधी चौकशी करा. ऑनलाइन भरल्यावरही पूर्ण संच एका फाइलमध्ये क्रमाने लावलेला असू द्या.

नावाचे स्पेलिंग आधारवर, इतिवृत्तात आणि अर्जात एकच हवे. हास्यास्पद वाटते, पण 'शांताबाई' आणि 'शांता' यामुळे तारखा पडतात.

हरकत नसलेल्या प्रकरणात विश्वस्तांच्या नावांचा बदल तात्पुरता मान्य करून ३० दिवसांत हरकती मागवण्याची सोय २०१७ पासून कायद्यात आहे. जाणारा सदस्य सही द्यायला तयार नसेल तर त्याच्या सहीची वाट बघत नव्वद दिवस घालवू नका. निवडणूक रीतसर झाली असेल तर त्याची ना-हरकत सोयीची असते, अनिवार्य नाही. त्याला लेखी कळवा, पत्राची पोच संचात लावा आणि अर्ज द्या.

टप्पा ७ : किल्ल्या, चेकबुक आणि ओटीपी

बँक मान्य आदेश किंवा नवा उतारा पाहिल्याशिवाय सह्या बदलत नाही आणि तोवर पगार थांबवता येत नाहीत. या फटीत एक जुनी सवय डोके वर काढते: जाणाऱ्या खजिनदाराकडून कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ते कपाटात ठेवायचे. करू नका. त्याऐवजी बँकेत सह्या बदलेपर्यंत जुने सहीदार नव्या कार्यकारिणीने मंजूर केलेल्या खर्चापुरत्याच सह्या करतील, असा ठराव करा आणि दर महिन्याला मंजूर यादी त्यांच्या हाती द्या. यापुढे तीन सहीदार, त्यातले कोणतेही दोन, अशी व्यवस्था ठेवा आणि तिघांची मुदत एकाच दिवशी संपू देऊ नका.

हस्तांतरणाची यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करा. तिच्यात हे हवेच:

- हातातली रोकड मोजून, बँक शिल्लक पासबुक भरून
- वापरलेली व कोरी पावती पुस्तके, क्रमांकांसह
- डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही), आणि त्यातला लॅपटॉप खरोखर कार्यालयात आहे का ते पाहून
- आयकर, दर्पण (संस्थांच्या नोंदणीचे सरकारी पोर्टल), भविष्य निर्वाह निधी यांची लॉगिन, डिजिटल सही, आणि त्यांना जोडलेला मोबाइल क्रमांक

शेवटची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. ८०जी ची, म्हणजे देणगीदारांच्या करसवलतीची, विवरणे भरायच्या शेवटच्या दिवशी ओटीपी जातो जुन्या सचिवांच्या फोनवर आणि ते असतात गावी, जत्रेला. संस्थेच्या नावाने एक वेगळे सिमकार्ड घ्या. परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थांनी पदाधिकारी बदलल्याचे एफसी-६ई या नमुन्यात ४५ दिवसांत गृह मंत्रालयाला कळवायचे असते. ही मुदत धर्मादाय कार्यालयाच्या आदेशासाठी थांबत नाही.

टप्पा ८ : पहिले वर्ष

नव्या मंडळाने पहिल्याच बैठकीत तीन मनाई वाचून घ्याव्यात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेसाठी सहसा कर्ज काढता येत नाही. जमीन किंवा इमारत विकता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. उत्साहाच्या भरात 'तात्पुरते' उसने घेतलेले पैसेसुद्धा कर्जच.

आंदोलन करणारी संघटना आणि अनुदान घेणारी संस्था एकाच कार्यालयातून चालत असेल तर पावती पुस्तके, वही आणि पेटी वेगळी करा. मोर्चाच्या ट्रकचे भाडे शिक्षण प्रकल्पाच्या खर्चात टाकले की देणगीदारही जातो आणि संघटनेवरचा विश्वासही. मोर्चासाठी मुठीमुठीने गोळा झालेल्या पैशाचा हिशेब मोर्चानंतरच्या पहिल्या बैठकीत वस्तीत वाचा, शिल्लक दहा रुपये असली तरी.

हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर पूर्ण व्हायला हवे. म्हणून लेखापरीक्षकाला कागद जूनमध्ये द्या, ऑगस्टमध्ये नाही. वार्षिक सभेची तारीख त्यावरून आत्ताच ठरवून ठेवा, आणि तिच्या चार महिने आधी थकीत वर्गणीची पहिली सूचना पाठवायची खूण त्याच कॅलेंडरवर करा.